कोकणातून हिमालयातील तलावापर्यंत: करेरीच्या मध्यम वनवाटेचे नियोजन

कोकणातल्या माणसाला चढाचे अप्रूप नसते. घर खाली, शाळा वर आणि देऊळ त्याहून वर, अशा गावात वाढलेल्याला पाखाडी चढणे हा व्यायाम वाटतच नाही. पावसात निसरड्या कातळावरून चालण्याची सवयही पायांना लहानपणापासून असते. त्यामुळे हिमालयातला मध्यम श्रेणीचा ट्रेक ठरवताना आपल्याकडे पहिला आणि बहुधा शेवटचा प्रश्न विचारला जातो तो अंतराचा. जाऊन-येऊन पंचवीस किलोमीटर म्हटले की ‘मग काय, सहज होईल’ असे उत्तर येते. समुद्रसपाटीवर राहणाऱ्याने मात्र किलोमीटर सर्वांत शेवटी पाहावेत. कोणत्या रात्री किती उंचीवर झोपणार, दिवसाचा प्रकाश किती तास मिळणार आणि कोणत्या वेळी पाठ फिरवून परतणार, हे तीन आकडे आधी ठरले की तिकिटे, कपडे, शिधा आणि सरावही त्यांवरूनच ठरत जातो. पुढील विवेचन रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड या जिल्ह्यांतून निघणाऱ्या चार ते आठ जणांच्या गटाला डोळ्यांसमोर ठेवून केले आहे.

तलाव कोणता निवडावा

पहिल्या खेपेला साडेतीन हजार मीटरपेक्षा खालचा, जंगलातून जाणारा आणि परतीची वाट सोपी असलेला तलाव निवडावा. मनालीजवळचा भृगू तलाव छायाचित्रांत फार मोहक दिसतो, पण तो चार हजार मीटरच्या वर आहे आणि तेथे जाणारे बहुतेक गट दोन-तीन दिवसांत ही उंची गाठतात. किनाऱ्यावरून थेट येणाऱ्याने त्याच्या वाटेला पहिल्याच वर्षी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

या लेखात उदाहरणासाठी करेरी तलाव घेतला आहे. हिमाचल प्रदेशातील कांगडा जिल्ह्यात, धौलाधार रांगेच्या दक्षिण उतारावर, सुमारे २९३४ मीटर उंचीवर हा गोड्या पाण्याचा उथळ तलाव आहे. वरच्या बर्फाचे वितळलेले पाणी त्यात उतरते आणि त्यातून न्युंड नावाचा ओढा खाली करेरी गावाकडे वाहत येतो. गाव अंदाजे १९०० मीटरवर आहे. वाट बराच काळ या ओढ्याच्या सोबतीने, ओक, बुरांश (ऱ्होडोडेंड्रॉन) आणि देवदाराच्या जंगलातून चढत जाते व शेवटी गवताळ मोकळ्या जागेत येऊन थांबते. काटेकोर अर्थाने वृक्षरेषा, म्हणजे झाडे उगवण्याची वरची सीमा, याहून थोडी वर आहे. तरीही तलावाकाठी उभे राहिल्यावर समोर उघडे खडक आणि बर्फाचे पट्टे दिसतात, म्हणजे उंच डोंगरातल्या तलावाचा अनुभव पुरेपूर मिळतो.

गटात साठीच्या पुढची माणसे किंवा लहान मुले असतील, तर उत्तराखंडातील सारी गावातून जेमतेम अडीच-तीन किलोमीटर चढून गाठता येणारा देवरिया ताल अधिक योग्य ठरेल. आकाश निरभ्र असेल तर त्याच्या पाण्यात चौखंबा शिखराचे प्रतिबिंब दिसते. मंडीजवळच्या पराशर तलावापर्यंत तर गाडीरस्ताच जातो, त्यामुळे चालणारे आणि न चालणारे एकाच सहलीत सामावतात. उत्तराखंडातील उंचावरच्या कुरणांत, म्हणजे बुग्यालांत, रात्रीच्या मुक्कामाला तेथील उच्च न्यायालयाने २०१८ साली मनाई केली आहे. तिकडचा कार्यक्रम आखताना तंबू कोठे लावायचा याची खात्री आधी करावी.

महिना ठरवताना दोन पंचांगे पाहावी लागतात

एक हिमालयाचे आणि दुसरे आपल्या घरचे. करेरीचा तलाव साधारणपणे डिसेंबर ते मार्च गोठलेला असतो आणि त्या काळात वाट बर्फाखाली जाते. म्हणजे हिवाळा बाद. जुलै-ऑगस्टमध्ये धौलाधारवर पाऊस कोसळतो. धर्मशाळा हे हिमाचलातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. येथे कोकणी माणूस हमखास म्हणतो की पावसाचे आम्हाला काय सांगता. पण आपला पाऊस बहुतांश वेळा खाडीकडे पसरतो आणि त्याचा अंदाज आपल्याला ओहोटी-भरतीसकट असतो. डोंगराच्या अरुंद घळीत तेच पाणी काही मिनिटांत दगडगोटे घेऊन खाली येते. १२ जुलै २०२१ रोजी धर्मशाळेजवळ भागसू नाल्याला अचानक पूर येऊन उभ्या मोटारी वाहून गेल्या. त्याच महिन्याच्या २२ तारखेला वाशिष्ठीने चिपळूण बुडवले. दोन्हीकडची माणसे पावसाला सरावलेलीच होती. पावसाळ्यात आणि बर्फवृष्टीच्या काळात तेथील जिल्हा प्रशासन ट्रेकिंगवर वेळोवेळी बंदीही घालते, तेव्हा ते दोन महिने विचारात घेऊच नयेत.

उरले मे ते मध्य-जून आणि सप्टेंबरअखेर ते मध्य-नोव्हेंबर. आंबा बागायतदाराला मे महिन्यात घर सोडता येत नाही आणि जूनच्या पहिल्या पावसाला पेरणी असते. ऑक्टोबरमध्ये भातकापणी आणि झोडणी येते. शेती-बागायत असलेल्या घरासाठी सोयीचा काळ म्हणजे दिवाळीनंतरचा आठवडा, कारण शाळांना सुटी असते, भात घरात आलेले असते आणि मोहराच्या फवारण्या अजून जोरात सुरू व्हायच्या असतात. तेव्हा तिकडे आकाश स्वच्छ असते, मात्र रात्री कडाक्याची थंडी पडते. वाटेवर हंगामात चालणाऱ्या चहाच्या टपऱ्या आणि तंबूंचे मुक्काम नोव्हेंबरात आवरले गेलेले असू शकतात, म्हणून स्थानिक वाटाड्याशी बोलून घेतल्याखेरीज त्यांच्या भरवशावर शिधा कमी करू नये. नोकरदार गटाला ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा अधिक सुखाचा जाईल.

हवामानाबाबत एक गोष्ट आपल्याकडच्या लोकांना सहसा ठाऊक नसते. कोकणात पावसाळा संपला की आकाशाची चिंता बव्हंशी संपते. उत्तर भारतात मात्र पावसाळ्यानंतरही पश्चिमेकडून, भूमध्य समुद्राच्या दिशेने, पश्चिमी विक्षोभ येत राहतात आणि कोरड्या वाटणाऱ्या आठवड्यातही दोन दिवसांचा पाऊस किंवा बर्फ देऊन जातात. म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधीपासून भारतीय हवामान विभागाच्या शिमला केंद्राचा अंदाज रोज पाहावा आणि विक्षोभाचा इशारा असेल तर चढाईचा दिवस पुढे ढकलण्याची मुभा कार्यक्रमातच ठेवावी.

तासांचा हिशेब कागदावर मांडावा

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला एक साधा नियम आजही उपयोगी पडतो. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरावेत आणि दर ६०० मीटर चढासाठी एक तास जास्तीचा मिळवावा. करेरी गावापासून तलावापर्यंतचे अंतर कोणी दहा किलोमीटर सांगतो, कोणी तेरा. आपण बारा धरू. अंतराचे सुमारे दोन तास पंचवीस मिनिटे, आणि हजार-एक मीटर चढाचे पावणेदोन तास, असे सव्वाचार तासांच्या आत-बाहेर उत्तर येते. हा नियम सडसडीत, सवयीच्या चालणाऱ्यासाठी आहे. पाठीवर सॅक, विरळ हवा, गटातले सर्वांत संथ पाय आणि खाण्या-पिण्याचे थांबे जमेस धरून त्याची दीडपट करावी. म्हणजे चढायला सव्वासहा तास आणि उतरायला, चढाचा जास्तीचा वेळ वगळूनही, साडेतीन-पावणेचार तास. एकूण दहा तास.

ऑक्टोबरच्या मध्यावर कांगड्यात सूर्य साडेसहाच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आत मावळतो. ओढ्याच्या घळीत तर सूर्य डोंगराआड जातो तेव्हापासूनच, म्हणजे तास-दीड तास आधी, अंधारू लागते. साडेअकरा तासांच्या प्रकाशात दहा तासांची चाल बसवणे कागदावर जमते, पण कोणाचा पाय मुरगळला किंवा दुपारी पावसाने अर्धा तास अडवले तर शेवटचा भाग टॉर्चच्या उजेडात, थकलेल्या पायांनी उतरावा लागतो. यास्तव करेरीचा ट्रेक दोन दिवसांचाच आखावा. धट्टीकट्टी तरुण मुले तो एका दिवसात करतात हे खरे आहे, परंतु त्यांचे उदाहरण आपल्या गटाने घेऊ नये.

दोन दिवसांतही परत फिरण्याची वेळ ठरवावी लागते. तलावाकाठी मुक्काम असेल तर दुपारी तीन ही मर्यादा समजावी. तोवर तलाव दिसला नाही, तर जेथे असू तेथून मागच्या सपाट, ओढ्यापासून उंच जागेवर उतरून तंबू लावावा. ही वेळ निघण्यापूर्वी, गावातच, सर्वांसमोर ठरवावी. वर पोहोचल्यावर ‘आता अर्ध्या तासाचाच प्रश्न आहे’ असे म्हणणारा एक जण प्रत्येक गटात असतो आणि त्याच्याशी वाद घालण्याइतके बळ त्या वेळी कोणाच्यात उरलेले नसते.

उंची आणि शरीर

तीन हजार मीटरवर हवेचा दाब, आणि त्याबरोबर मिळणारा प्राणवायू, समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे सत्तर टक्के असतो. उंचीचा त्रास सामान्यतः अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. डोकेदुखी, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, चक्कर, झोप न लागणे ही त्याची लक्षणे आहेत आणि ती पित्ताच्या लक्षणांशी इतकी जुळतात की आपली माणसे आमसूल चघळून पुढे चालू लागतात. या उंचीवर डोके दुखू लागले तर दुसरे कारण सापडेपर्यंत तो उंचीचाच त्रास मानावा. अशा माणसाने आणखी वर चढू नये, विश्रांती घ्यावी, आणि त्रास वाढला तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, सोबत घेऊन खाली उतरावे. बसल्याजागी धाप लागणे, सरळ रेषेत चालताना झोकांड्या जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही जीवघेण्या अवस्थेची चिन्हे आहेत. त्यावर पहिला उपाय तातडीने खाली नेणे हाच आहे.

तंदुरुस्तीमुळे या त्रासापासून संरक्षण मिळत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. उलट, दमदार माणूस भराभर चढतो आणि त्यालाच आधी त्रास होतो, असे पुष्कळदा घडते. उपाय आहे तो हळूहळू वर जाण्याचा. धर्मशाळा शहर सुमारे १४५० मीटरवर आहे आणि वरचे मॅक्लॉडगंज दोन हजारांच्या आसपास. मॅक्लॉडगंजमध्ये दोन रात्री काढाव्यात. मधल्या दिवशी त्रिउंड या वरच्या माळाच्या वाटेने अर्ध्यापर्यंत चढून संध्याकाळी परत यावे, म्हणजे उंचावर जाऊन खाली झोपण्याचा सराव होतो. तिसरी रात्र करेरी गावात आणि चौथी तलावाकाठी. ज्याला गावातच डोके जड वाटत असेल त्याने बरे वाटेपर्यंत वर चढू नये, आणि मग पुढची रात्र निम्म्या वाटेवर काढून दुसऱ्या दिवशी मोकळ्या अंगाने तलाव पाहून यावा.

रक्तदाब, मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असलेल्यांनी, तसेच गर्भवती स्त्रियांनी, तिकीट काढण्यापूर्वी डॉक्टरांना भेटावे. ॲसिटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध कोणी घ्यावे, किती घ्यावे हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते, आणि सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर ते त्यांना आवर्जून सांगावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी ते रात्री अंगाशी धरून झोपावे, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

घरच्या घरी सराव

दोन महिने पुरतात. गावात पाखाडी असेल तर व्यायामशाळेची गरज नाही. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी, सलग पाऊण तास चढ-उतार करावा आणि बोलता बोलता चढता येईल इतकाच वेग ठेवावा. तिसऱ्या आठवड्यापासून सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून वजन हळूहळू आठ किलोंपर्यंत न्यावे. गुडघे कुरकुरत असतील तर वर पोहोचल्यावर पाणी झाडांना ओतून रिकाम्या सॅकने उतरावे. मात्र शेवटच्या तीन आठवड्यांत उतारही वजनासह करावा, कारण करेरीची परतीची वाट जवळजवळ हजार मीटरची सलग उतरण आहे आणि मांड्या दुखतात त्या तेथेच. पुळणीवर चालण्याने दम वाढतो, पण चढाच्या स्नायूंना त्याचा फारसा उपयोग होत नाही.

रंगीत तालमीसाठी खेड तालुक्यातील महिपतगडासारखी जागा नाही. दहिवलीतून चढले की सुमारे साडेनऊशे मीटर उंचीच्या या गडाच्या रानाने भरलेल्या माथ्यावर येण्यास तीन-चार तास लागतात, म्हणजे चढाचा आकडा करेरीच्या चढाला बराच जुळतो. सिंधुदुर्गकरांना आंबोलीच्या परिसरात सोय आहे. तालमीला जाताना खरी सॅक, खरे बूट आणि खरा शिधा घ्यावा. ज्यांच्या टाचेला येथे फोड येतो त्यांना तिकडेही येणार, तेव्हा बूट बदलायचा तर तो अजून वेळ हातात असताना बदलावा. या सरावात घामाचा जो त्रास होतो तो तिकडे होणार नाही, आणि तिकडे जो थंडीचा होईल त्याची तालीम कोकणात कोठेच होत नाही.

जाणे-येणे

कोकण रेल्वेने दिल्ली गाठण्यासाठी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस हा जुना, भरवशाचा मार्ग आहे. ती रत्नागिरी-चिपळूणवरून हजरत निजामुद्दीनला जाते. आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते, म्हणून जाण्याचे आणि येण्याचे तिकीट दोन वेगवेगळ्या दिवशी काढावे लागते. दिवाळीनंतरच्या परतीच्या तिकिटाचे आरक्षण ज्या दिवसांत उघडते ते दिवस गणपतीच्या धामधुमीच्या मागेपुढे येतात आणि हटकून विसरले जातात. आणखी एक बाब म्हणजे कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक ऑक्टोबरातही काही दिवस चालू असते आणि त्यात गाड्यांच्या वेळा बऱ्याच सरकतात. तिकिटावर छापलेली वेळ निघण्यापूर्वी पुन्हा तपासावी.

दिल्लीहून धर्मशाळेला रात्रभर चालणाऱ्या बस आहेत, किंवा रेल्वेने पठाणकोटला उतरून पुढे रस्त्याने जाता येते. धर्मशाळेहून घेरामार्गे करेरी गावापर्यंत जीप जाते. परतीत दिल्लीची गाडी पकडण्यापूर्वी एक संपूर्ण दिवस मोकळा ठेवावा. हा दिवस वाया जातो असे वाटून तो सर्वांत आधी कापला जातो, आणि तो कापलेल्या गटालाच वाईट हवेतही चढण्याचा मोह होतो.

वाटाड्या करेरी गावातला घ्यावा. वाट बरीच स्पष्ट असली तरी धुके उतरल्यावर गुराख्यांच्या फाटलेल्या वाटांत चुकायला होते. निघताना गावात आणि घरी एकेक चिठ्ठी ठेवावी. त्यात गटातील नावे, मुक्कामाच्या जागा, वाटाड्याचा फोन आणि ‘अमुक दिवशी रात्री आठपर्यंत निरोप आला नाही तर ११२ वर कळवावे’ अशी स्पष्ट ओळ असावी. वाटेवर मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही, म्हणून नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्यावा.

कपडे आणि सॅक

दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. धर्मशाळेत रात्री ८ अंश असतील तर तलावाकाठी पारा शून्याखाली एक-दोन अंश जाईल. आपल्याकडे ओला सुती सदरा अंगावरच वाळतो. तेथे तो वाळत नाही आणि अंगातली ऊब शोषून घेतो. म्हणून चालताना अंगालगतचा कपडा घाम टिकवून न धरणाऱ्या कृत्रिम धाग्याचा किंवा पातळ लोकरीचा असावा, त्यावर लोकरी किंवा फ्लीसचा थर आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जॅकेट. चढताना जरा थंडी वाजेल इतकेच कपडे अंगावर ठेवावेत आणि थांबल्याबरोबर, घाम गार होण्याआधी, वरचा थर चढवावा. कोरड्या कपड्यांचा एक जोड, त्यात लोकरी मोजे, प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत बांधून केवळ झोपण्यासाठी राखून ठेवावा. तो दिवसा कोणत्याही सबबीखाली बाहेर काढू नये.

उणे ५ अंशांना पुरेल अशी स्लीपिंग बॅग, खालची मॅट आणि तंबू मॅक्लॉडगंजला भाड्याने मिळतात. किनाऱ्यावर राहणाऱ्याने वर्षातून एकदा लागणारी ही चीज विकत घेण्यात अर्थ नाही. बूट मात्र स्वतःचे आणि वापरून मऊ झालेले हवेत. प्रत्येकाकडे हेडटॉर्च, शिट्टी, कानटोपी, हातमोजे, उन्हाचा चष्मा, काठी आणि दोन बाटल्या असाव्यात. भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड झाली, तर सामान पुन्हा जमिनीवर पसरून निम्मे ‘असू दे’ म्हणून घेतलेले काढून टाकावे.

शिधा

तीन हजार मीटरच्या आसपास पाणी ९० अंशांनाच उकळू लागते. आपला उकडा तांदूळ घरीही शिजायला वेळ घेतो. तेथे उघड्या पातेल्यात तो पाऊण तास खदखदला तरी मधला कण टणक राहतो, आणि तोवर गॅस निम्मा संपलेला असतो. तांदूळ न्यायचाच असेल तर पातळ सुरय, म्हणजे न उकडलेला, न्यावा आणि सोबत लहान कुकर. त्यापेक्षा कुळथाची पिठी उत्तम. फोडणीचे साहित्य एका पुडीत घरीच बांधून नेले की पाच-सात मिनिटांत गरम, पातळ, पोटभरीचे कालवण तयार होते आणि गावातून घेतलेल्या पोळीबरोबर चालते. चालताना खाण्यासाठी आंबापोळी, फणसपोळी, काजू, शेंगदाण्याचे लाडू आणि गूळ पुरतो. आमसुले मिठासह बाटलीत टाकली की पाणी पिण्याची इच्छा टिकून राहते. थंडीत तहान कळत नाही आणि माणूस नकळत कोरडा पडतो. गॅसची नळकांडी रेल्वेत नेण्यास मनाई आहे. ती धर्मशाळेतच घ्यावीत.

ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी वर मेंढ्या चरत असतात. ते उकळून, आणि उंचावर तीन मिनिटे खळखळू देऊन, मगच प्यावे.

चालण्याचा दिवस

सकाळी सातला गाव सोडावे. पहिला तास मुद्दाम संथ चालावे. पुढे वाटाड्या, त्याच्यामागे गटातील सर्वांत हळू चालणारा आणि शेवटी अनुभवी माणूस, अशी रांग ठेवली तर कोणी मागे सुटत नाही. देवदार-चीडची सुईसारखी पाने उतारावर साचलेली असतात आणि ती कोरडी असतानाच जास्त घसरतात, हे कातळावरच्या शेवाळाला सरावलेल्या आपल्या पायांना नवे वाटते. वाटेकडेच्या बिच्छू बूटीला हात लावू नये; तिची आग खाजकुयलीपेक्षा वेगळी, पण तितकीच चिवट असते.

ओढा ओलांडण्यासाठी साकव असतील तेथे साकवानेच जावे. पाण्यातून जाणे अटळ झाले तर ओढा जेथे रुंद आणि उथळ आहे ती जागा शोधावी, कारण अरुंद जागी पाणी खोल व जोरात असते. बूट काढू नयेत, मोजे काढावेत. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडावा, म्हणजे तोल गेल्यास ती झटकन टाकता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या दिशेला करून काठी समोर रोवावी, आणि काठी व दोन पाय यांतील एकच बिंदू एका वेळी हलवत तिरके सरकावे. पाणी गुडघ्याच्या वर आले, गढूळ झाले किंवा त्यातून दगड गडगडल्याचा आवाज येऊ लागला, की मागे फिरावे. बर्फाच्या पाण्याचे ओढे सकाळी कमी आणि दुपारनंतर जास्त वाहतात, म्हणून आज अडलेला ओढा उद्या पहाटे मोकळा होऊ शकतो.

शरद ऋतूत गद्दी मेंढपाळ आपले कळप वरच्या कुरणांतून खाली आणत असतात. त्यांचे कुत्रे राखणीचे असतात आणि कळपात शिरणाऱ्यावर धावून येतात. कळप दिसला की थांबावे, मेंढपाळाला हाक द्यावी आणि तो सांगेल त्या बाजूला, शक्यतो वाटेच्या वरच्या अंगाला, उभे राहून कळपाला जाऊ द्यावे. ओकच्या जंगलात या दिवसांत काळे अस्वल ओकची फळे खाण्यासाठी फिरते. पहाटे आणि तिन्हीसांजेला एकट्याने रानात जाऊ नये, बोलत चालावे, आणि अन्न तंबूत ठेवू नये.

दुपारनंतर ढग जमून गारा व विजा येण्याचा संभव असतो. गडगडाट ऐकू येताच धारेवरून, एकट्या झाडाखालून आणि पाण्याच्या काठावरून दूर व्हावे व एकमेकांत अंतर ठेवून खोलगट जागी सॅकवर उकिडवे बसावे.

तलावाकाठी

तंबू पाण्यापासून निदान साठ मीटर दूर आणि ओढ्याच्या पात्रापेक्षा उंच लावावा. शौचासाठीही तेवढेच अंतर राखून वीतभर खोल खड्डा खणावा आणि तो बुजवावा. काठच्या टेकडीवर शंकर व शक्तीचे मंदिर आहे आणि स्थानिक लोक तलावाला पवित्र मानतात. त्यात अंघोळ, भांडी, साबण यांपैकी काहीही करू नये, आणि निर्माल्य किंवा नारळ पाण्यात सोडण्याची आपल्याकडची सवय येथे आवरावी. शेकोटीसाठी लाकूड तोडू नये. सगळा कचरा, चहाच्या कागदी पेल्यांसकट, खाली न्यावा.

संध्याकाळी पाचच्या आत गरम जेवण उरकावे. सूर्य आड होताच थंडी इतक्या झपाट्याने येते की बोटांनी गॅस पेटवणेही अवघड होते. झोपण्यापूर्वी प्रत्येकाला डोकेदुखी, मळमळ आणि लघवीचे प्रमाण याविषयी नाव घेऊन विचारावे. ‘सगळे ठीक ना’ असे सर्वांना मिळून विचारले तर कोणी तक्रार सांगत नाही.

उतरताना

सकाळी ऊन तलावावर येण्याची वाट पाहून तंबू कोरडे करून घ्यावेत, पण साडेनऊच्या पुढे थांबू नये. उतरण्यापूर्वी बुटांच्या नाड्या घोट्याशी घट्ट आवळाव्यात, म्हणजे अंगठ्याचे नख पुढे आदळून काळे पडत नाही. पावले लहान टाकावीत, गुडघे किंचित वाकलेले ठेवावेत आणि दर तासाला पाच मिनिटे थांबावे. बहुतेक पाय मुरगळतात ते उतारावर, गाव दिसू लागल्यावर. गावात पोहोचताच वाटाड्याचे पैसे चुकते करावेत, दोन्ही चिठ्ठ्या ज्यांच्याकडे आहेत त्यांना सुखरूप उतरल्याचे कळवावे, आणि भाड्याची स्लीपिंग बॅग परत करण्यापूर्वी मोकळ्या दिवशी गच्चीवर वाळवून घ्यावी.